सिमेंटमधली राख आणि दहा दिवसांचं पाणी

कानात हेडफोन असतील तर ऐका, बसमध्ये गोंगाट असेल तर हे लिखित रूप वाचा. आज बोलूया एका प्रश्नावर, जो घर बांधायला काढलेली मंडळी मला हमखास विचारतात: "सिमेंटमध्ये राख मिसळतात म्हणे. मग ही भेसळच ना?"

आधी गोणीकडे बघा. तिच्यावर पीपीसी लिहिलं असेल, तर आत राख आहे आणि किती टक्के आहे तेही तिथेच छापलेलं असतं. आयएस १४८९ या मानकानुसार १५ ते ३५ टक्के फ्लाय अॅश चालते. पीएससी लिहिलं असेल, तर लोखंडाच्या झोतभट्टीतला स्लॅग. दोन्ही कारखान्यांचा टाकाऊ माल, आणि दोन्ही नियमात बसणारे. कंपनी काही लपवत नाही.

ही राख येते कुठून? कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ... आपली औष्णिक वीजकेंद्रं. आपल्याकडच्या कोळशात राख भरपूर, बऱ्याचदा ३० ते ४० टक्के. दगडी कोळसा पिठासारखा दळून जाळतात, तेव्हा धुराबरोबर बारीक राख वर जाते. धुराड्याच्या आधीच ती यंत्राने पकडतात. ती कुणी नेली नाही, तर पाण्यात कालवून तलावात साठवतात. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या राख-तलावाचा बांध फुटला आणि ती राख शेतात, नदीनाल्यात पसरली. म्हणजे राख सिमेंटमध्ये जाणं ही फक्त कंपनीच्या फायद्याची गोष्ट नाही.

आता ती काम काय करते ते सांगतो. सिमेंटमध्ये पाणी पडलं की दोन गोष्टी तयार होतात. एक, खडी-वाळूला धरून ठेवणारा चिकट पदार्थ. दुसरी, चुना. या चुन्याचा ताकदीला फारसा उपयोग नाही. उलट पाणी झिरपलं की तो विरघळून बाहेर येतो. राखेत असते सिलिका. ती पाण्याच्या मदतीने याच चुन्याशी संयोग पावते आणि आणखी चिकट पदार्थ तयार होतो. बारीक छिद्रं बुजतात, काँक्रीट घट्ट होतं. आपल्या जुन्या वाड्यांच्या चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची भुकटी घालायचे ना? तत्त्व तेच.

पण ही दुसरी क्रिया सावकाश चालते. खरी गोम इथेच आहे. राखेचं काँक्रीट पहिल्या आठवड्यात साध्या काँक्रीटच्या मागे असतं. नीट पाणी मिळालं, तर दोन-तीन महिन्यांत ते बरोबरी करतं, अनेकदा पुढेही जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या घाटघर प्रकल्पाच्या धरणांच्या काँक्रीटमध्ये तर सिमेंटपेक्षा राख जास्त आहे. अशा प्रचंड कामात उष्णता कमी निर्माण व्हावी आणि तडे जाऊ नयेत, म्हणून ही संथ चालच उपयोगी पडते.

घराच्या स्लॅबवर मात्र घाई होते. चार दिवस पाणी मारलं, पाचव्या दिवशी मिस्त्री दुसऱ्या साइटवर! आयएस ४५६ सांगतं: साध्या ओपीसीला किमान ७ दिवस ओलावा, राख किंवा स्लॅग असेल तर किमान १०, आणि जमलं तर १४. हे दिवस सलग ओलं ठेवण्याचे आहेत. सकाळी पाइप मारला आणि दुपारी स्लॅब कोरडा ठणठणीत, असं चालत नाही. वर वाळूचे किंवा मातीचे छोटे बांध घालून पाणी साठवा, कॉलमला ओलं गोणपाट गुंडाळा. पाणी आटलं, की राखेची क्रिया तिथेच थांबते. मग ती गोणीत असून नसल्यासारखी.

सेंट्रिंगचंही तेच. खालचे टेकू काढायच्या ज्या मुदती या मानकात दिल्यात, त्या साध्या ओपीसीसाठी आहेत. पीपीसी वापरलं असेल, तर किती दिवस थांबायचं हे इंजिनिअरकडून आधीच लिहून घ्या.

अजून एक. राख चांगली म्हणून कुठलीही राख चालते, असं नाही. वीटभट्टीची, बॉयलरच्या तळाची किंवा तलावातून उपसलेली राख साइटवर सिमेंटमध्ये मिसळायची नाही. तिच्यात न जळालेला कोळसा असू शकतो, जाडसर कण असतात. काँक्रीटसाठीच्या राखेला आयएस ३८१२ हे वेगळं मानक आहे. आणि पीपीसीमध्ये राख आधीच असते. त्यावर कुणी "थोडी अजून घालू, सिमेंट वाचेल" म्हणालं, तर ती मात्र खरी भेसळ.

तर तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घराचा स्लॅब पडला असेल, तर फोनमध्ये दहा दिवसांचा अलार्म लावा, सकाळ-दुपार-संध्याकाळ. आणि हा भाग घरात जो कुणी पाइप धरतो, त्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!