क्वाबिनच्या जलाशयावर हंगामाची अखेर

आमच्या पुष्कळ वाचकांच्या स्वयंपाकघरात मासा शिजत नाही, आणि प्रस्तुत लेखकाचे घरही त्यांपैकीच एक. तेव्हा मासे धरण्याच्या छंदावर या पानांत लेख कशाला, असे कोणी विचारल्यास त्यास दोष देता येणार नाही. परंतु शरद ऋतूत मुलीकडे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात राहण्याचा योग आला असता, जावयांच्या आग्रहास्तव एक संबंध दिवस होडीत बसून काढावा लागला. त्या दिवशी माशांपेक्षा पाण्याविषयीच अधिक कळले, आणि ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

बॉस्टन शहराच्या पश्चिमेस सुमारे 65 मैलांवर क्वाबिन नावाचा जलाशय आहे. विस्तार 39 चौरस मैल, जास्तीत जास्त खोली सुमारे 150 फूट. आपल्या हिशेबाने बोलायचे तर साठा सुमारे 55 टीएमसी, म्हणजे कोयनेच्या निम्म्याहून किंचित अधिक. बॉस्टन व आसपासची गावे मिळून सुमारे तीस लाख लोकांच्या पिण्याच्या पाण्याची भिस्त मुख्यतः याच्यावर आहे. या पाण्यावर निर्जंतुकीकरणाचे संस्कार होतात, पण ते गाळावे लागत नाही, इतके ते निर्मळ आहे. म्हणून येथे पोहण्यास मनाई आहे. गळ टाकण्यास मात्र परवानगी आहे, तीही एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारपर्यंत. आम्ही गेलो तो या हंगामाचा शेवटचा आठवडा होता.

पहाटे धुके इतके दाट की होडीचे टोक दिसेना. होडी भाड्याचीच घेतली. 2009 साली याच राज्यातील एका तळ्यात झीब्रा नावाचे चिमुकले परदेशी शिंपले आढळले, तेव्हापासून बाहेरची होडी तपासून व स्वच्छ करून घेतल्याखेरीज क्वाबिनमध्ये उतरू देत नाहीत. शिसाची वजनेही येथे चालत नाहीत, कारण लून नावाचे पाणपक्षी ती गिळून मरतात. आपल्याकडे एखाद्या तलावाची इतकी काळजी घेतलेली पाहिली, की मग त्यांच्या नियमांना नावे ठेवू, असे मी मनाशी म्हटले.

सोबत जावयांचे शेजारी, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ होते. चाळीस वर्षे ते या पाण्यावर येत आहेत. त्यांनी दोरीला बांधलेला तापमापक खोल सोडला. पृष्ठाशी 16 अंश सेल्सिअस, आणि 60 फुटांवर 9! एवढा फरक कशाने, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी समजावून दिले ते असे.

उन्हाळ्यात वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या थंड, जड पाण्यावर साईसारखे तरंगत राहते. दोहोंच्या मधल्या थोड्याशा पट्ट्यात उष्णता झपाट्याने उतरते. हा पडदा असेतोवर वरचा वारा खालच्या पाण्यास लागत नाही. खालच्या थराला वसंतात जेवढा प्राणवायू मिळाला असेल तेवढ्यावरच हिवाळ्याच्या तोंडापर्यंत भागवावे लागते. शरदातल्या थंड रात्री वरचे पाणी निवत जाते, जड होऊन खाली बसते, पडदा खोल खोल सरकतो, आणि अखेर एखाद्या वादळी दिवशी वरपासून तळापर्यंत सारे पाणी एकजीव होते. तलाव जणू कूस बदलतो. उथळ तळी ऑक्टोबरातच हे उरकतात. क्वाबिनसारख्या खोल जलाशयाला नोव्हेंबर उजाडतो.

ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. काश्मीरला जाऊन आलेल्यांनी त्याचे नाव ऐकले असेलच. तिकडे तो इंग्रजांनी 1900 च्या सुमारास विलायतेतून आणून सोडला. क्वाबिनमधील लेक ट्राउट त्याहूनही थंडीचा भोक्ता. त्यास 10 अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. आता ज्या तळ्याच्या काठी शेते, बंगले व मैलापाणी आहे, तेथे शेवाळ माजते, ते तळाशी जाऊन कुजते आणि खालचा प्राणवायू खाऊन टाकते. मग वर पाणी ऊन, खाली प्राणवायू नाही, अशा कोंडीत ट्राउट सापडतो. उन्हाळा लांबला, की ही कोंडी लांबते. क्वाबिनचा लेक ट्राउट या कोंडीतून वाचला आहे, कारण त्याच्या काठी वस्ती नाही. चहूकडे राखलेले रान आहे.

आणि वस्ती नाही, कारण ती उठविली आहे. डेना, एनफील्ड, ग्रीनिच आणि प्रेस्कॉट ही चार गावे 28 एप्रिल 1938 रोजी कायद्याने संपुष्टात आली. आदल्या रात्री एनफील्डच्या सभागृहात निरोपाचे नृत्य झाले. सुमारे अडीच हजार माणसे हलली, साडेसात हजारांच्या आसपास थडगी उकरून नव्या स्मशानभूमीत नेली गेली, घरे पाडली, झाडे तोडली. 1939 साली पाणी साठू लागले, ते 1946 साली काठोकाठ भरले. मुळशीच्या पाण्याखाली कुलदैवत गेलेली घराणी आमच्या वाचकांत असतीलच. 1921 ते 1924 चा सेनापती बापटांचा सत्याग्रह त्यांस सांगावयास नको. या खोऱ्यातल्या लोकांनी सत्याग्रह केला नाही, पण घर सुटण्याचे दुःख काय निराळे असते?

शेजारी म्हणाले, “आपण आता एका रस्त्यावर आहोत.” यंत्राच्या काचेवर तळाची रेघ सपाट धावत होती व बाजूस दगडी गडग्याचा उंचवटा दिसत होता. अशा गडग्यांच्या आणि घरांच्या चौथऱ्यांच्या आडोशाला बास मासे राहतात. बासची गोष्ट ट्राउटच्या उलट. त्याला 20 अंशांचे पाणी प्रिय. ते निवू लागले की हिवाळ्याची बेगमी म्हणून तो अधाशासारखा खातो, आणि 10 अंशांखाली सुस्तावतो. म्हणजे हे थोडेच आठवडे असे, की बास शेवटचे जेवण उरकत असतो आणि ट्राउट थंड झालेल्या पाण्यातून वर येऊ लागलेला असतो. जाणते लोक सकाळी ट्राउटसाठी वजन लावलेली दोरी खोल सोडून होडी संथ चालवितात, आणि ऊन चढले की खडकाळ टोकांशी बाससाठी गळ टाकतात.

दुपारपर्यंत जावयांस तीन बास मिळाले. चौथा 35 फुटांवरून आला, तो पोट फुगून उताणा तरंगू लागला. बासच्या पोटातील हवेच्या पिशवीला तोंडावाटे वाट नसते. खोलातून ओढला की ती फुगते. ट्राउट ही हवा तोंडाने सोडू शकतो. “उथळात धरा, नाहीतर धरू नका,” असे म्हातारबुवा जरा करड्या आवाजात बोलले. जावईबापू ओशाळले, आणि पुढे गळ खोल गेला नाही.

धरलेले मासे ते खातात का, असे मी भीत भीत विचारले. शेजाऱ्यांनी मान हलविली. कोळशाच्या धुरातून पारा हवेत मिसळतो, पावसाबरोबर पाण्यात येतो, आणि लहान माशांकडून मोठ्या माशांत साठत जातो. पिण्याच्या पाण्यास त्याची बाधा नाही; परंतु येथील बास व मोठे ट्राउट खाऊ नयेत असा राज्याच्या आरोग्यखात्याचा सल्ला आहे, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले यांच्यासाठी तो अधिकच कडक आहे. माणसांना दूर सारून राखलेल्या पाण्यालाही दूरच्या धुराड्यांचा विटाळ चुकला नाही!

ट्राउट एकच लागला, तोही मावळतीला. 18 इंचांहून लहान, म्हणून नियमाप्रमाणे सोडावयाचा. शेजाऱ्यांनी हात ओले करून त्याला पाण्यातच धरले, गरी काढली, कल्ले हलू लागेपर्यंत थांबले. करड्या अंगावर फिकट ठिपके, परांना पांढरी कड. शेपटीचा एक फटकारा देऊन तो खाली गेला.

शरदात खडकाळ उतारांवर लेक ट्राउटची मादी अंडी घालते. ती दगडांच्या फटींत हिवाळाभर राहतात. आम्ही काठाला लागलो तेव्हा रखवालदार उरलेल्या होड्या मोजत होता. तीन दिवसांनी त्या सर्व वर काढून पालथ्या घालावयाच्या होत्या.