टायटॅनियमची पट्टी आणि आमचा लेथवाला

अर्धापुरात केळी-हळदीच्या शेतीमुळे पंपाचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना यांचे काम लेथवाल्यांकडे येतच असते. मोडलेले हाड जोडण्याची प्लेट अशा कारागिराला दाखवली की तो म्हणतो, "नमुना ठेवून जा, संध्याकाळी घेऊन जा." आकारापुरते त्याचे म्हणणे खरे आहे. आमचे सांगणे धातूविषयी आहे.

टायटॅनियम पोलादाच्या निम्म्याहून थोडे जास्त भरते. हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो, म्हणून शरीरातल्या खारट द्रवातही ते गंजत नाही. पोलादाहून ते जवळपास दुप्पट लवचीक असल्याने हाडाचा सगळा भार स्वतःवर घेत नाही. भार सुटलेले हाड झिजत जाते. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रॉनेमार्क यांनी सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण निघेचना, हाड त्याला धरून बसले होते. पुढे १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात दातांसाठी टायटॅनियम बसवले.

नुसते टायटॅनियम भारी कामाला मऊ पडते. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम व ४ टक्के व्हॅनेडियम मिसळतात. हीच मिश्रधातू विमानातही जाते, आणि घोटाळा इथेच होतो. साध्या प्रतीत ऑक्सिजन ०.२० टक्क्यांपर्यंत चालतो, शरीरात बसवायच्या प्रतीत फक्त ०.१३ पर्यंत. ऑक्सिजन वाढला की धातू कडक होते, पण चीर लवकर धावते. दोन्ही पट्ट्या हातात घ्या, घासा, तोला. फरक कळणार नाही. भंगारातून स्वस्तात आलेली पट्टी म्हणूनच धोक्याची.

खरी पट्टी ओळखायची ती हीट नंबरवरून. एका ओतीचा एक नंबर, आणि त्याच ओतीच्या रसायन व ताण चाचणीचा दाखला. टायटॅनियम तापल्यावर हवा ओढते, म्हणून ते सहसा निर्वातात वितळवतात. आपल्याजवळ हैदराबादला मिधानी हा १९७३ चा सरकारी कारखाना अशी मिश्रधातू बनवतो. व्हॅनेडियमबद्दल शंका आल्याने स्वित्झर्लंडमध्ये त्याच्या जागी नायोबियम घालून नवी मिश्रधातू काढली गेली. तिलाही पेशींवरच्या व इतर चाचण्यांतून जावेच लागले.

सगळ्यात चिवट परीक्षा थकव्याची. खुब्याच्या दांड्याला यंत्रात ५० लाख वेळा दाबून सोडतात. सेकंदाला १० दाब धरले तरी यंत्र जवळपास सहा दिवस-रात्र चालते. एका ओरखड्यापासूनही चीर सुरू होते, म्हणून लेथवरच्या सफाईला इथे किंमत आहे.

काम करायचे असेल तर हेही ऐका. टायटॅनियम उष्णता बाहेर सोडत नाही, ती टूलच्या टोकाशी साठते. वेग कमी, धार ताजी, कूलंट भरपूर ठेवा. बारीक बुरा पेटतो. त्यावर पाणी टाकू नये, कोरडी वाळू जवळ असावी. लोखंडाचा चुरा त्या यंत्रावर राहू देऊ नका.

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ प्रमाणे शरीरात बसवायची वस्तू विनापरवाना बनवून विकता येत नाही. म्हणून गावातल्या लेथवाल्याने परवानाधारक उत्पादकाचे जॉबवर्क धरावे. माल त्याचा, दाखला त्याचा. आपण हीट नंबर प्रत्येक तुकड्याबरोबर ठेवायचा. तुकडे कापताना नंबर पुसला गेला तर तो माल वेगळा काढून तसे कळवावे.