परतीचे तिकीट आणि संसर्जनक्रम : आयुर्वेद पर्यटनातील आपली जबाबदारी

आयुर्वेद पर्यटन हा शब्द आता आपल्या व्यवसायात चांगलाच रुळला आहे. गोव्याच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्गात, लोणावळा-महाबळेश्वरच्या परिसरात अशी निवासस्थाने उभी राहिली आहेत, जेथे पोहण्याचा तलाव, उपाहारगृह आणि पंचकर्म ही तिन्ही नावे एकाच दरपत्रकावर शेजारी शेजारी छापलेली आढळतात. आपल्यापैकी काही वैद्य तेथे पूर्णवेळ काम करतात, काही आठवड्यातून दोन दिवस जातात. औषधालयांचे मालक तेथे तैले, घृते व चूर्णे पुरवितात. चिकित्सेसाठी रुग्णाने दूरदेशाहून यावे यात अनुचित असे काहीच नाही. मात्र या पर्यटनाची नीती कोणती, हा प्रश्न प्रवासी कंपन्यांवर सोपवून वैद्यांनी स्वस्थ बसावे, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

पर्यटनाच्या नीतीविषयी जगात विचार झालेला नाही असे नाही. जागतिक पर्यटन संघटनेने १९९९ साली चिलीतील सान्तियागो येथे दहा कलमांची एक नीतिसंहिता स्वीकारली, २००१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तिची दखल घेतली आणि २०१९ मध्ये त्याच तत्त्वांवर आधारलेला आंतरराष्ट्रीय कराराचा मसुदा संमत झाला. यजमान प्रदेशाचा निसर्ग, तेथील लोकांचा लाभ, त्यांच्या परंपरेचा मान, कामगारांचे हक्क आणि पर्यटकाला खरी माहिती देण्याचे कर्तव्य हे या संहितेचे मुख्य विषय होत. २००२ च्या केपटाऊन जाहीरनाम्यानेही स्थानिक रहिवाशांचे हित आधी आणि पाहुण्यांची सोय नंतर, हाच क्रम मांडला. ही सारी तत्त्वे आपल्यालाही लागू आहेत. परंतु आपल्याकडे येणारा पाहुणा हा केवळ पाहुणा नसून रुग्णही असतो. हॉटेलच्या व्यवसायात पाहुण्याची इच्छा पुरविणे हा धर्म. वैद्यकात रुग्णाची प्रत्येक इच्छा पुरविणे हा अधर्म ठरू शकतो. आमच्या मते या क्षेत्रातील बहुतेक गैरप्रकारांचे मूळ या एका विरोधात आहे.

सात दिवसांचा हिशेब

'सात दिवसांत संपूर्ण पंचकर्म' हे वाक्य माहितीपत्रकांत सर्रास दिसते. आपण त्याचा हिशेब मांडून पाहू. विरेचन करावयाचे झाल्यास कोष्ठानुसार आभ्यंतर स्नेहपानाला तीन ते सात दिवस लागतात. त्यानंतर अभ्यंग-स्वेदनासह तीन दिवसांचा विश्रामकाल येतो, मग विरेचनाचा दिवस, आणि पुढे शुद्धीच्या प्रमाणानुसार तीन, पाच किंवा सात दिवसांचा संसर्जनक्रम. म्हणजे मृदुकोष्ठी व हीनशुद्धी अशा रुग्णालाही किमान दहा दिवस, तर क्रूरकोष्ठी व प्रवरशुद्धी असल्यास अठरा दिवस लागतात. दीपन-पाचन यात धरलेले नाही. वमनानंतर विरेचन अभिप्रेत असेल तर हा काल जवळजवळ दुप्पट होतो. बस्तीचे म्हणावे तर जितके दिवस बस्ती दिले, त्याच्या दुप्पट दिवसांचा परिहारकाल शास्त्राने सांगितला आहे.

या हिशेबात 'संपूर्ण पंचकर्म' सात दिवसांत बसत नाही, हे आपल्या महाविद्यालयातील विद्यार्थीही सांगू शकेल. मग सात दिवसांत प्रत्यक्ष होते काय? बहुधा अभ्यंग, बाष्पस्वेद आणि शिरोधारा. यात गैर काही नाही. थकलेल्या माणसाला त्याने खरेच बरे वाटते. अभ्यंगाला अभ्यंग म्हणावे आणि त्याचेच मोल घ्यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. स्नेहन-स्वेदनाला पंचकर्म म्हणून विकणे ही पाहुण्याची फसवणूक तर आहेच. शिवाय तो मायदेशी परतून 'पंचकर्म करून पाहिले, विशेष गुण आला नाही' असे सांगतो, तेव्हा आपल्या शास्त्राची अपकीर्ती होते ती वेगळीच.

याहून गंभीर प्रकार दुसरा आहे. समजा, पन्नाशीचे एक गृहस्थ नऊ तासांचा विमानप्रवास करून आले. निद्रा व अग्नी दोन्ही विस्कळीत. दुसऱ्याच दिवसापासून स्नेहपान सुरू झाले, विश्रामकाल एका दिवसावर आणला गेला, सहाव्या दिवशी विरेचन दिले आणि सातव्या दिवशी त्यांना विमानतळावर पोहोचविले. चरकाचार्यांनी सिद्धिस्थानात शोधनानंतर वर्ज्य करावयाचे जे आठ महादोषकर भाव सांगितले आहेत, त्यांतील उच्चैर्भाष्य, अत्यासन व अहितभोजन हे तीन विमानाच्या एकाच प्रवासात घडतात. आणि रथक्षोभ तर उघडच घडतो. पेयापानावर असावयास हवा तो रुग्ण विमानात मिळेल ते अन्न घेतो. त्यातच तो मूत्रल औषधे, रक्त पातळ करणारी औषधे किंवा इन्सुलिन घेत असेल, तर विरेचनानंतर शरीरातील जल व क्षार यांचा तोल ढळणे किती महागात पडेल, हे वेगळे सांगावयास नको. काही बिघडलेच तर त्याची वार्ता आपल्यापर्यंत येतही नाही, कारण रुग्ण तोवर दुसऱ्या खंडात पोहोचलेला असतो.

येथे वैद्यांची अडचण आम्ही जाणून आहोत. पाहुण्याने रक्कम आगाऊ भरलेली असते, कार्यक्रम छापलेला असतो आणि 'शोधन देता येणार नाही' असे म्हणणाऱ्या वैद्याला वेतन देणारा मालक वैद्य नसतो. नवोदित वैद्याने अशा वेळी एकट्याने उभे राहावे असा उपदेश करणे सोपे आहे. आमच्या मते तो पुरेसा नाही. अधिकार करारातच लिहून घेतला पाहिजे. कोणाला कोणते कर्म द्यावे, द्यावे की नाही, आणि केव्हा थांबवावे याचा निर्णय सर्वस्वी वैद्याचा राहील, तसेच वैद्याने नाकारलेल्या कर्माची रक्कम पाहुण्याला परत मिळेल, ही दोन कलमे ज्या करारात नाहीत तो आपल्या सभासदांनी स्वीकारू नये. रक्कम परत देण्याची तरतूद असली म्हणजे वैद्याचा नकार पाहुण्यालाही पटतो.

तिकीट काढण्यापूर्वीच प्रश्नावली पाठवावी, हा दुसरा उपाय. वय, व्याधी, चालू औषधे, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, गर्भधारणेची शक्यता आणि हाताशी असलेले दिवस एवढे जरी आधी कळले तरी निम्मे काम होते. दिवस थोडे असतील त्याला स्पष्ट लिहावे की, या मुदतीत अभ्यंग व आहार-दिनचर्येचे मार्गदर्शन होईल, शोधन होणार नाही. भारत सरकारने जुलै २०२३ मध्ये आयुष उपचारांसाठी येणाऱ्या परदेशी नागरिकांकरिता 'आयुष व्हिसा' हा स्वतंत्र वर्ग निर्माण केला आहे. ज्याला खरोखर चिकित्सा हवी आहे त्याला तीन-चार आठवड्यांच्या तयारीने येण्यास सांगणे त्यामुळे सोपे झाले आहे.

ऋतूचा विचारही येथेच करावयास हवा. वसंतात वमन, शरदात विरेचन, वर्षेत बस्ती हा आपला क्रम. पर्यटकांचा हंगाम मात्र नाताळाचा. केरळने याबाबत शहाणपण दाखविले असे आम्हांला वाटते. तेथे कर्कटक महिन्यात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या पावसात, चिकित्सा घेण्याची जुनी परंपरा आहे. पावसात हॉटेले ओस पडत. तेथील पर्यटन विभागाने हाच काल चिकित्सेचा म्हणून जगापुढे मांडला आणि पाहुणे पावसात येऊ लागले. शास्त्राने पर्यटनाच्या दिनदर्शिकेशी जुळवून न घेता दिनदर्शिकाच शास्त्राशी जुळली. कोकणातही पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात आणि तो बस्तीचा काल आहे. हा योग आपण अद्याप साधलेला नाही.

केरळच्याच पर्यटन विभागाने आयुर्वेद केंद्रांची 'ग्रीन लीफ' व 'ऑलिव्ह लीफ' अशी वर्गवारी सुरू केली होती. अर्हताप्राप्त वैद्याची देखरेख, स्त्रियांना स्त्री व पुरुषांना पुरुष परिचारक, ही त्यातील साधी पण महत्त्वाची अट. रस्तोरस्ती 'आयुर्वेदिक मसाज'च्या पाट्या लागलेल्या असताना पाहुण्याला खऱ्या केंद्राची ओळख पटविण्याचे काम अशा चिन्हाने होते. परिचारक हा चिकित्सेच्या चार पादांपैकी एक आहे, याचा विसर मात्र सर्वत्रच पडलेला दिसतो. हंगामापुरता नेमलेला, दिवसाला आठ-दहा अभ्यंग करणारा आणि बक्षिशीवर जगणारा परिचारक दक्ष व शुचि राहील ही अपेक्षाच अन्याय्य आहे.

वन आणि वनवासी

'वनौषधी दर्शन' नावाची सहल आता बहुतेक कार्यक्रमांत असते. स्थानिक वाटाड्या पुढे, पाहुणे मागे. औषधी वनस्पती नाव व रूप यांनी ओळखणारे गोपाल, अजापाल व वनवासी यांचा उल्लेख चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात आहे. त्या ज्ञानाचे मोल किती असू शकते याचे उदाहरण केरळातच घडले. १९८७ साली अगस्त्यमलेच्या रानात शास्त्रज्ञांबरोबर चालणारे कानी जमातीचे वाटाडे थकवा येऊ नये म्हणून एका झुडपाची फळे खात होते. ते झुडूप 'आरोग्यपच्च'. तिरुवनंतपुरमच्या उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यानाच्या संशोधकांनी त्यापासून 'जीवनी' हे औषध सिद्ध केले, एका औषधनिर्मात्यास दहा लाख रुपये व विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन घेऊन निर्मितीचा परवाना दिला आणि त्यातील निम्मा वाटा कानी लोकांच्या न्यासाला देण्याचे ठरविले. लाभाच्या वाटपाचे हे उदाहरण जगभर सांगितले जाते. त्याची दुसरी बाजूही सांगावयास हवी : मागणी वाढताच रानातील झुडपे उपटली जाऊ लागली आणि वनविभागाशी वाद उभे राहिले.

आपल्या सह्याद्रीत हेच नरक्याच्या बाबतीत घडले. कर्करोगावरील औषधासाठी लागणाऱ्या द्रव्याकरिता त्याची बेसुमार तोड झाली. अशोकाची साल दुर्मिळ झाली, आणि तिच्या जागी आसुपालवाची साल बाजारात खपते, हे औषधालयांच्या मालकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. अशा स्थितीत पाहुण्याने हौसेने कंद उपटून घेऊ नये, वाटाड्याला सहलीचे ठरलेले मोल मिळावे, आणि त्याने सांगितलेले उपयोग त्याला न विचारता पत्रकात छापू नयेत, एवढे तरी पथ्य पाळावे. साताऱ्याच्या कास पठारावर प्रवेशशुल्क, पाहुण्यांच्या संख्येवर मर्यादा आणि स्थानिक ग्रामस्थांच्या समित्यांकडे व्यवस्था हा मार्ग अवलंबिला गेला. केंद्राच्या आवारात पन्नास वनस्पतींची बाग लावून ती दाखविली तर रानात गर्दी नेण्याची गरजही उरत नाही.

तेलाचेही एक सांगावयाचे आहे. शिरोधारेसाठी एकदा वापरलेले तैल दुसऱ्या पाहुण्यास वापरणे अक्षम्य आहे, याबद्दल दुमत नसावे. परंतु टाकून दिलेले तैल जाते कोठे? नाल्यातून विहिरीत किंवा खाडीत. स्नानगृहाच्या सांडपाण्यावर तैल अडविणारी टाकी बसविणे फारसे खर्चाचे नाही. बस्तीच्या नलिका व हातमोजे हा जैववैद्यकीय कचरा असून २०१६ चे नियम आयुष रुग्णालयांनाही लागू आहेत.

पाहुण्याची पिशवी

शेवटी औषधालयांच्या मालकांसाठी. पाहुणा परतताना तीन-चार महिन्यांची औषधे मागतो आणि विक्रीही चांगली होते. २००४ साली अमेरिकेच्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांतील १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. केवळ वनस्पतिजन्य औषधांच्या निर्यातीसाठी जड धातूंची चाचणी जानेवारी २००६ पासून सक्तीची झाली ती या पार्श्वभूमीवर. रसकल्पांचे शास्त्रीय समर्थन हा स्वतंत्र विषय आहे. पण ज्या देशात त्यांना मान्यता नाही आणि ज्यांच्या मात्रेवर लक्ष ठेवणारा वैद्य जवळ नाही, तेथे जाणाऱ्याच्या हाती ते देणे आम्हांला मान्य नाही. गर्भिणीच्या हाती तर मुळीच नाही.

कच्च्या द्रव्यांविषयीही सावध असावे. कुष्ठ १९७५ पासून आणि कुटकी व जटामांसी १९९७ पासून 'साइटीस' या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांत आहेत. त्यांची मुळे भेटवस्तूसारखी पुडीत बांधून दिली तर विमानतळावर अडतो तो पाहुणा. प्रत्येक औषधाबरोबर उत्पादकाचा परवाना क्रमांक, घटकद्रव्ये, तुकडी क्रमांक व मुदत दाखविणारे मूळ वेष्टन द्यावे, सुट्या पुड्या देऊ नयेत. सोबत त्याला वाचता येईल अशा भाषेत एक पत्र असावे : कोणती कर्मे कोणत्या दिवशी झाली, त्याची पूर्वीची कोणती औषधे चालू ठेवावयाची आहेत, पेया-विलेपीचे राहिलेले दिवस किती, आणि त्रास झाल्यास कोणत्या क्रमांकावर वैद्य भेटेल. तो दूरध्वनी रात्री-अपरात्री येईल हे गृहीत धरावे, कारण तेथे तेव्हा दुपार असते.