आइसलँडचे पाठीराखे आणि २०१६ ची युरो

फुटबॉलवेड्यांनो, आइसलँडचे पाठीराखे आठवतायत का? देशाची लोकसंख्या तेव्हा सुमारे ३ लाख ३० हजार, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहरापेक्षाही कमी. तरी २०१६ च्या युरोसाठी हजारोंनी लोक फ्रान्सला गेले! पहिलीच मोठी स्पर्धा होती ना त्यांची.

ढोलाचे ठोके, हात वर, सगळ्यांची एकच टाळी आणि 'हू!' मग वेग वाढत जातो. ऐकताना अंगावर काटा येतो. ही टाळी स्कॉटलंडच्या मदरवेल क्लबच्या चाहत्यांकडून आली, असं सांगतात. त्या स्पर्धेत २७ जूनला नीसमध्ये आइसलँडच्या संघाने इंग्लंडला २-१ ने हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सकडून ५-२ ने हरले, तरी रेक्याविकमध्ये स्वागताला हजारो लोक लोटले.

पण मला सगळ्यात भारी वाटतात ते आइसलँडचे तेव्हाचे एक प्रशिक्षक हेमिर हालग्रिमसन. पेशाने दंतवैद्य! घरच्या सामन्याआधी ते रेक्याविकमधल्या एका पबमध्ये जायचे आणि 'तोल्फन' या चाहत्यांच्या गटाला अंतिम संघ आणि डावपेच जाहीर होण्याआधीच समजावून सांगायचे. चाहत्यांवर एवढा विश्वास टाकणारा राष्ट्रीय प्रशिक्षक दुसरा कोणी माहीत असेल, तर जरूर सांगा.