पाठीवरची पिसं वाचताना

इंग्लंडमधल्या उत्तर नॉरफोकच्या किनाऱ्यावर पक्ष्यांचं परतीचं स्थलांतर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होतं. शाळांना अजून उन्हाळी सुट्टी लागलेली नसते, हन्स्टंटनच्या पुळणीवर आइस्क्रीमच्या गाड्यांपुढे रांगा असतात, रात्री साडेनऊलाही उजेड असतो. आणि टिचवेलच्या पाणथळीत एखादी हिरवी तुतारी शेपटी हलवत चिखल टिपत असते. उत्तरेला जायला उशीर झालेली ही तुतारी नाही. स्कँडिनेव्हियातल्या एखाद्या ओल्या जंगलात, कस्तुराच्या जुन्या सोडलेल्या घरट्यात अंडी घालून ती मोकळी झाली आणि दक्षिणेच्या वाटेला लागली.

मी मूळची उरणची. नोकरीमुळे किंग्ज लिन या गावात आले. वॉश नावाच्या अवाढव्य खाडीच्या दक्षिण टोकाला हे गाव आहे. चिखल, मिठागर आणि भरती-ओहोटी यांत वाढलेल्या माणसाला इथे परकं वाटत नाही. इथल्या पक्षीनिरीक्षकांपैकी बरेच जण दुर्मिळ पाहुण्याच्या बातमीवर गाड्या पळवतात. माझा जीव मात्र रोजच्या पक्ष्यांत रमतो, कारण जुलै-ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असतं. फक्त त्यांचं नाव ओळखून थांबायचं नाही, वय ओळखायचं. वय कळलं की टुंड्रात यंदाचा उन्हाळा कसा गेला, हे इथल्या लाकडी बाकावर बसून समजतं.

तीन लाटा

चिखल्या, तुतारी, कोरल या किनारपक्ष्यांची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर काही तासांत स्वतः किडे टिपू लागतात. त्यांना भरवावं लागत नाही. ऊब आणि राखण एवढंच पुरतं, आणि तेवढं काम आईबापांपैकी एकालाही जमतं. मग दुसऱ्याने तिथे थांबून पिल्लांच्या वाट्याचं अन्न का खावं? तो निघतो.

पहिली लाट अशा मोकळ्या झालेल्यांची आणि ज्यांचा डाव मोडला त्यांची. आर्क्टिकमधला उन्हाळा इतका छोटा की कोल्ह्याने घरटं उद्ध्वस्त केलं तर पुन्हा मांडायला वेळ नसतो. स्पॉटेड रेडशँक या लाल पायांच्या पक्ष्यात अंडी घालून झाली की मादी निघते आणि पिल्लं नर सांभाळतो. म्हणून जूनच्या अखेरीस टिचवेलला दिसणारे, अंगभर काळ्याभोर पिसांवर पांढरे ठिपके मिरवणारे हे पक्षी बहुतेक माद्या असतात. कर्ल्यू सँडपायपरमध्ये उलटं: मादी पिल्लांपाशी थांबते आणि नर आधी परततो. जुलैच्या मध्यावर दिसणारा विटकरी छातीचा, बाकदार चोचीचा पक्षी बहुधा नरच.

दुसरी लाट राखणदारांची. पिल्लं उडायला लागली की तेही निघतात आणि जुलैअखेरीपासून त्यांची गर्दी वाढत जाते.

तिसरी लाट पोरांची. ऑगस्टच्या मध्यानंतर यंदा जन्मलेले पक्षी पोचू लागतात, आणि थक्क व्हायला होतं ते इथे. सोबत आईबाप नाहीत, वाट पाहिलेली नाही, समुद्र माहीत नाही. दिशा आणि साधारण किती काळ उडायचं, हे त्यांना जन्मजात मिळालेलं असतं. पूर्वेचा वारा आणि पाऊस एकत्र आले की उत्तर समुद्रावरून जाणारे छोटे रानपक्षीही भरकटून याच किनाऱ्यावरच्या ब्लेकनी पॉइंटच्या झुडपांत उतरतात, त्यांतही असे पहिलटकर पुष्कळ असतात.

वय कसं ओळखायचं

आपली बहुतेक पुस्तकं चोचीपासून सुरुवात करतात. लपणात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका निवृत्त शेतकरी आजोबांनी मला पाठीपासून सुरुवात करायला शिकवलं. त्यांच्या वहीत प्रत्येक जातीपुढे दोनच रकाने असतात: जुने आणि पोरं.

पोराची पिसं सगळी एकाच वेळी, काही आठवड्यांपूर्वी आलेली असतात. त्यामुळे पाठ शाळेच्या पहिल्या दिवशीच्या गणवेशासारखी दिसते: प्रत्येक पीस कोरं, त्याला फिकट किनार, आणि ओळी सरळ. जुन्या पक्ष्याची पिसं टुंड्रातल्या उन्हावाऱ्यात झिजलेली असतात. त्यात मधूनमधून हिवाळी करडी पिसं फुटत असतात, त्यामुळे पाठ विस्कटलेली आणि ठिगळं लावल्यासारखी वाटते.

हे एकदा डोळ्यांत बसलं की बाकीचं सोपं. डनलिनच्या जुन्या पक्ष्याच्या पोटावर ठसठशीत काळा डाग असतो. पोराच्या पोटाच्या दोन्ही अंगांना तपकिरी फराटे. छोटा टिलवा पोरवयात पाठीवर इंग्रजी व्हीच्या आकाराची पांढरी रेघ बाळगतो. कर्ल्यू सँडपायपरचं पोर तर या सगळ्यांत देखणं. छातीवर पिकल्या पीचच्या रंगाची छटा आणि पाठीवर नाजूक खवले. त्याच्या बापाच्या विटकरी रंगाशी त्याचा काही संबंध आहे, हे सांगूनही पटत नाही.

यासाठी टिचवेल आणि क्लाय ही दोन ठिकाणं उत्तम. टिचवेलची शेतजमीन 1953 सालच्या जानेवारीअखेर आलेल्या सागरी तुफानात समुद्राने परत घेतली. तिथे पुन्हा दलदल झाली आणि 1973 मध्ये आरएसपीबी या पक्षीसंरक्षण संस्थेने ती विकत घेतली. क्लायची राखीव दलदल त्याहून आधीची, 1926 सालची. डॉ. सिडनी लाँग यांनी पुढाकार घेऊन सुमारे चारशे एकर जागा 5,100 पौंडांना घेतली आणि पक्ष्यांसाठी कायमची राखून ठेवली. ब्रिटनमधल्या प्रत्येक परगण्यात आज ज्या वन्यजीव न्यासांच्या राखीव जागा आहेत, त्यांची सुरुवात इथून झाली. दोन्हीकडे बांध आहेत, पाणी आत-बाहेर सोडायला दारं आहेत. आमच्या रायगडातल्या खारबंदिस्तीला असते ती उघाडीच म्हणा. परतीचे पक्षी यायच्या सुमारास पाणी उतरवून चिखल उघडा केला जातो. उचाट्याची जोडपीही पिल्लांसह तिथे असतात. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून विणीचा उचाट्या नाहीसा झाला होता. 1947 मध्ये शेजारच्या सफकमध्ये तो परतला आणि पुढे आरएसपीबीचं बोधचिन्ह झाला.

लेमिंगचा हिशोब

आता त्या दोन रकान्यांचा उपयोग. काही वर्षी सप्टेंबरच्या सुरुवातीला कर्ल्यू सँडपायपरची पोरं ठिकठिकाणी दिसतात, काही वर्षी शोधूनही मिळत नाहीत. कारण सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पावर आहे, आणि ते कारण म्हणजे लेमिंग नावाचा उंदराएवढा प्राणी.

लेमिंगांची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या चक्रात वाढते आणि कोसळते. ते भरपूर असतात त्या वर्षी आर्क्टिक कोल्हा, स्क्युआ पक्षी आणि हिमघुबड यांचं पोट त्यांच्यावर भरतं. किनारपक्ष्यांच्या अंड्यांकडे फारसं कोणी बघत नाही. पुढच्या वर्षी लेमिंग कोसळतात, पण आदल्या सुकाळात वाढलेले कोल्हे तसेच असतात, आणि भुकेले असतात. मग अंडी आणि पिल्लं साफ होतात. त्या वर्षी नॉरफोकला जुने पक्षी नेहमीसारखे येतात, पोरांचा रकाना मात्र रिकामा राहतो.

याची पडताळणी ऑक्टोबरात होते. तैमिरवरच वीण करणारे ब्रेंट हंस तेव्हा इथे उतरतात. यंदाच्या पिल्लांच्या पंखांवर फिकट पट्टे असतात, ते दुरूनही दिसतात. सँडपायपरची पोरं कमी असलेल्या वर्षी हंसांची पिल्लंही कमी भरतात. हंस गवत खातो, सँडपायपर किडे खातो. दोघांचं नशीब ठरवतो तो तिसराच. शास्त्रज्ञांनी हा संबंध विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशाच मोजण्यांतून उलगडला. अलीकडे आर्क्टिकच्या काही भागांत लेमिंगांचं चक्र पूर्वीइतकं नियमित राहिलेलं नाही, म्हणून ही मोजणी आता आणखी मोलाची.

उधाणाच्या दिवशी स्नेटिशम

वय ओळखण्याचा कंटाळा आला तर निव्वळ तमाशा पाहायला वॉशच्या काठावरच्या स्नेटिशमला जावं, मात्र तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या पुढेमागे उधाणाची भरती असते तेव्हाच. भांगाच्या भरतीला चिखल पुरता बुडत नाही आणि पक्षी दूरच राहतात. मुंबईला पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी जेमतेम पाच मीटर चढतं. वॉशमध्ये उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सहा मीटरच्या वर जातो. अथांग चिखल तासा-दोन तासांत दिसेनासा होतो, आणि त्यावर चरणारे नॉट पक्षी किनाऱ्याकडे रेटले जातात. शेवटी जागाच संपते आणि सगळे एकदम उठतात. ऑगस्टअखेर ही संख्या हजारोंची असते, पुढे हिवाळ्याकडे ती लाखाच्या घरात जाते. बांधामागे खडी काढून झालेली तळी आहेत. भरती उतरेपर्यंत त्यांच्या काठावर ते खांद्याला खांदा लावून उभे राहतात. बहिरी ससाण्याने झडप घातली तर थवा क्षणात एका बाजूने करडा, दुसऱ्या बाजूने पांढरा दिसतो.

हे नॉट ग्रीनलंड आणि कॅनडाच्या उत्तर टोकाकडून येतात. वजन दीडशे ग्रॅमच्या आतलं. त्यांचं अन्न म्हणजे चिखलात पुरलेले बारीक शिंपले. ते दिसत नाहीत. चोचीच्या टोकाला दाबाची सूक्ष्म जाणीव असते, ओल्या वाळूत चोच खुपसली की आत कडक काही आहे का ते कळतं. शिंपला अख्खा गिळायचा आणि पोटातल्या दणकट स्नायूंनी तो चुरायचा. वॉशवर ते पंखांची मोठी पिसंही बदलतात, म्हणून त्यांना काही आठवडे भरवशाचं अन्न आणि निवांतपणा लागतो. 1959 पासून इथे अभ्यासकांचा एक गट रात्री-अपरात्री जाळी लावून पक्ष्यांना कडी घालतो, वजन करतो आणि सोडतो. कोणता पक्षी कुठून आला, हे आपल्याला त्यातून कळतं.

हन्स्टंटन आणि स्नेटिशम इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर असूनही पश्चिमेला तोंड करून आहेत. कोकणातल्या माणसाला समुद्रात बुडणारा सूर्य इथे मिळतो, पण पक्षी बघायला तो आड येतो. पहाटेची भरती गाठावी. ऑगस्टातही वारा बोचरा असतो. जाड जॅकेट न्यावं. दुर्बिणीने थवा दिसतो, पाठीवरची पिसं वाचायला मात्र तिपाईवरचा टेलिस्कोप लागतो. तो नसला तर लपणात शेजाऱ्याला विचारावं. या लोकांना बोलायची फारशी हौस नसते, दाखवायची मात्र असते.

उरणपर्यंत

यातल्या बऱ्याच जाती आपल्याकडेही येतात. हिरवी तुतारी महाराष्ट्रात श्रावणात ओढ्याकाठी हजर होते. रफ, छोटा टिलवा, काळ्या शेपटीचा गॉडविट आणि कर्ल्यू सँडपायपर ठाणे खाडीपासून उरण, भिगवणपर्यंत असतात. सायबेरियाच्या टुंड्रातून निघालेले काही युरोपच्या किनाऱ्याने आफ्रिकेकडे जातात, काही मध्य आशिया ओलांडून आपल्याकडे येतात. एक भाऊ नॉरफोकला आणि दुसरा उरणला, असंही होत असेल.

वाटेतल्या अडचणीही दोन्हीकडे आहेत. 5 डिसेंबर 2013 च्या सागरी उधाणाने स्नेटिशमची लपणं मोडून नेली. उरणला पाणथळींवर भराव पडत गेला, आणि लहानपणी मी ज्या मिठागरांच्या बांधांवरून चालायचे त्यातले काही आज नकाशावर नाहीत. 2024 मध्ये कर्ल्यू सँडपायपर आणि ग्रे प्लोव्हर या दोन्ही जाती जागतिक धोक्याच्या यादीत संकटग्रस्त म्हणून वर चढल्या. असा पक्षी कमी होतो तेव्हा दोन शक्यता असतात: पिल्लंच होत नाहीत, किंवा होऊन वाटेत मरतात. उपाय दोन्हींसाठी वेगळे. नुसती एकूण संख्या मोजून यातलं काय घडतंय ते कळत नाही. जुने किती आणि पोरं किती, हे मोजलं तर कळतं.

म्हणून भारतातल्या मित्रांना माझी एक विनंती. मे-जूनमध्ये आपल्या खाड्यांवर दिसणारे करडे, झिजलेल्या पिसांचे पक्षी सोडून द्या; ते बहुधा गेल्या वर्षीची पोरं, जी उत्तरेला गेलीच नाहीत. ऑगस्टात जुने येऊ द्या. मग सप्टेंबरच्या मध्यावर, दरवर्षी त्याच जागी, एकाच जातीचे शंभर पक्षी सावकाश बघा आणि त्यातली पोरं मोजा. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना वय लिहायची सोय असते; मी पाहते त्या बहुतेक नोंदींत ती रिकामी असते. तिथे दोन आकडे भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत.