दहा मोहरांचा हिशेब

यरुशलेमाच्या वाटेवर असलेला प्रभू येशू यरीहोत जक्कय नावाच्या मुख्य जकातदाराच्या घरी उतरला आणि देवाचे राज्य आता तत्काळ प्रगट होणार अशा अपेक्षेने भारावलेल्या समुदायास त्याने दहा मोहरांचा दृष्टान्त सांगितला, हे लूककृत शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायात नमूद आहे. कोणी उमराव राज्याधिकार मिळवण्यासाठी दूर देशी जाताना आपल्या दहा दासांना एकेक मोहर देतो व ती व्यापारात घालण्याची आज्ञा करतो. त्याचा द्वेष करणारी प्रजा मात्र, हा राजा आम्हांस नको, असे सांगण्यास त्याच्यामागून वकील धाडते.

यरीहोकरांना ही हकीकत अपरिचित वाटली नसावी. इ. स. पूर्व 4 मध्ये थोरला हेरोद निवर्तल्यावर त्याचा पुत्र अर्खेलाव राज्याची सनद मिळवण्यासाठी रोमला ऑगस्टस कैसराच्या दरबारी गेला, तेव्हा त्याच्या विरोधात यहूद्यांचे पन्नास जणांचे शिष्टमंडळही तेथे हजर झाले, असे इतिहासकार योसेफस सांगतो. कैसराने त्यास राजा ही पदवी न देता यहूदीया, शोमरोन व इदुमिया यांचा अंमल दिला आणि प्रजेच्या फिर्यादीवरून इ. स. 6 मध्ये पदच्युत करून गॉल देशी हद्दपार केले. याच अर्खेलावाने यरीहोचा राजवाडा थाटाने पुन्हा बांधून, शेजारच्या एका गावाचे निम्मे पाणी आपल्या खजुरीच्या बागांकडे वळवले होते. सत्तेला स्वतःची जहागीर मानणाऱ्या कारभाराची खूण जेथे उभी होती, तेथेच कारभारीपणाचा हा धडा दिला गेला.

दृष्टान्तातील एक मोहर म्हणजे मजुराची सुमारे शंभर दिवसांची मजुरी, रक्कम बेताचीच. मत्तयाच्या तशाच दृष्टान्तात धनी ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे कमीअधिक द्रव्य सोपवतो. येथे मात्र भांडवल सर्वांचे समान आहे आणि फरक पडतो तो केवळ निष्ठेने व उद्योगाने. धनी परततो, हिशेब मागतो. एका मोहरेच्या दहा करणाऱ्यास दहा नगरांचा अधिकार मिळतो, पाच करणाऱ्यास पाच नगरांचा. विश्वासूपणाचे फळ म्हणून त्यांना विश्रांती अथवा ऐश्वर्य मिळत नाही, अधिक मोठी जबाबदारी मिळते. आणि आधी हिशेब, मग अधिकार, हा क्रम धनी कोणासाठीही मोडत नाही.

तिसऱ्या दासाने अफरातफर केली नव्हती. त्याने मोहर रुमालात बांधून ठेवली आणि धनी कठोर असल्याची सबब पुढे केली. परक्याचे द्रव्य सांभाळायचे तर ते जमिनीत पुरावे, अशी यहूदी धर्मशास्त्र्यांची शिकवण होती. म्हणजे या दासाने ठेव सांभाळण्याइतकीही खबरदारी घेतली नाही. धनी कठोर म्हणून भीती वाटत होती, तर पैसे पेढीवर ठेवून निदान व्याज तरी मिळवायचे होते, हा धन्याचा सवाल त्याला निरुत्तर करतो. आळसाला भक्तिभावाचे वा भीतीचे नाव दिल्याने तो निर्दोष ठरत नाही.

शेवटी राजा आपल्या वैऱ्यांना जी भयंकर शिक्षा फर्मावतो, तिचा आधार घेऊन कोणा ख्रिस्ती माणसाने इतरांचा न्याय करू धजू नये. धनी दूर असताना दासांकडे सोपवला होता तो व्यापार. विरोध करणाऱ्या प्रजेचा न्याय त्यांच्याकडे सोपवलेला नव्हता. जेथे धन्याचे नावही लोकांना नको होते, तेथे त्याच्याच नावाने सचोटीचा व्यवहार करणे, हीच त्यांची कसोटी होती.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या हाती मिशनच्या काळापासून शाळा, दवाखाने, मंदिरे व जमिनी आल्या आहेत, डॉ. वॉनलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत सुरू केलेले रुग्णालय हे त्या वारशातील ठळक उदाहरण. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा 1950चा कायदा विश्वस्तांकडून जमाखर्च व त्याची तपासणी मागतो. पण कायद्याचा धाक नसता तरी प्रभूच्या दासास ते कर्तव्य चुकले नसते. म्हणून मंडळीच्या प्रत्येक पाळकाने, पंचाने व विश्वस्ताने वार्षिक हिशेब मंडळीपुढे स्वेच्छेने मांडावा, पडीक वास्तू व निधी सेवेला लावावे, आणि ज्याने लहान काम चोख केले त्यालाच मोठ्या अधिकारावर निवडावे.