सोरायसिस किती आयुष्य हिरावतो?

सोरायसिस त्वचेवर दिसतो, पण त्याचे मूळ प्रतिकारशक्तीत असते. निरोगी त्वचेच्या तळाशी जन्मलेल्या पेशीला वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हेच सगळे तीन ते पाच दिवसांत उरकते. पेशींना पक्व व्हायला वेळच मिळत नाही. अर्धकच्च्या पेशींचे थर एकावर एक साचतात आणि कोपर, गुडघे, डोके, कंबर अशा जागी जाडसर चट्टे उठून त्यांवर चंदेरी पापुद्रे धरतात. पाठ्यपुस्तकांतली छायाचित्रे बहुधा गोऱ्या कातडीची असल्याने हे चट्टे लालच असतात असा समज होतो. सावळ्या त्वचेवर ते जांभळट, तपकिरी किंवा राखाडी दिसतात, आणि मग आपल्याकडे त्यांना आधी गजकर्ण किंवा इसब समजले जाण्याची शक्यता वाढते.

हा रोग स्पर्शाने पसरत नाही. तरीही त्याच्याभोवतीची भीती जुनी आहे. कित्येक शतके तो कुष्ठरोगाच्याच खात्यात जमा होता. १८४१ मध्ये व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी दोहोंची स्पष्ट फारकत केली. तो केवळ कातडीचा दोष आहे, हा समज त्यापुढेही सव्वाशेहून अधिक वर्षे टिकला. अवयव प्रत्यारोपणासाठी वापरात आलेले सायक्लोस्पोरिन हे औषध संधिवाताच्या काही रुग्णांना प्रयोगादाखल दिले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या सोरायसिसवाल्यांचे चट्टे झपाट्याने विरू लागल्याचे १९७९ मध्ये नोंदवले गेले. हे औषध टी-पेशींना आवरते. म्हणजे त्वचेला घाईला लावणाऱ्या या पांढऱ्या पेशी होत्या. पुढे त्यांचे रासायनिक निरोपही सापडले: टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-२३ आणि इंटरल्युकिन-१७. आजची बहुतेक नवी औषधे यांपैकी एखादा निरोप मधेच अडवतात.

प्रवृत्ती आनुवंशिक असते. सहाव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकाचा त्यात मोठा वाटा आहे. पण ते जनुक असणाऱ्या बहुतेकांना आजार होत नाही. घशाचा जंतुसंसर्ग, त्वचेला झालेली इजा, मानसिक ताण, तंबाखू, दारू, तसेच लिथियम, क्लोरोक्विन किंवा रक्तदाबाची बीटा-ब्लॉकर गटातली औषधे त्याला चेतवू शकतात.

हे रासायनिक निरोप रक्तातून फिरतात, तेव्हा ते त्वचेपाशीच थांबतील कसे? तीस टक्क्यांपर्यंत रुग्णांचे सांधेही धरतात. बहुतेकांत चट्टे आधी येतात आणि सांधे काही वर्षांनी दुखू लागतात. सकाळी उठल्यावर बराच वेळ टिकणारा ताठरपणा, एखादे अख्खे बोट सुजणे, टाच दुखणे, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खळगे पडणे ही त्याची लक्षणे. वय झाले, वात आहे, म्हणून ती अंगावर काढली जातात. निदानाला सहा महिन्यांचा उशीर झाला तरी हाडांची झीज वाढते, आणि झिजलेले हाड पूर्ववत होत नाही.

आयुर्मानाचा प्रश्न मात्र सांध्यांपेक्षा हृदयाशी अधिक जोडलेला आहे. ब्रिटनमध्ये जवळजवळ प्रत्येक नागरिक एखाद्या डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेला असतो आणि त्यांतल्या काही दवाखान्यांच्या नोंदी संशोधनासाठी उपलब्ध असतात. त्यांच्या आधारे २००६ मध्ये अमेरिकेतील जोएल गेलफंड आणि सहकाऱ्यांनी सोरायसिसच्या सुमारे एक लाख तीस हजार रुग्णांची तुलना हा आजार नसलेल्या साडेपाच लाखांहून अधिक लोकांशी केली. रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, वजन, कोलेस्टेरॉल यांचा परिणाम हिशेबातून वजा केल्यावरही तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या व्यक्तीला हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका तिप्पट निघाला. साठीत तो सुमारे छत्तीस टक्क्यांनी जास्त होता. हे आकडे घाबरवणारे आहेत, पण ते नीट वाचायला हवेत. तिशीत झटका मुळात क्वचितच येतो. त्या अल्प शक्यतेची तिप्पटही अल्पच राहते. साठीतली टक्केवारी लहान दिसते खरी, पण त्या वयात झटकेच इतके अधिक असतात की जादा रुग्णांची प्रत्यक्ष संख्या तिथेच मोठी भरते.

याच नोंदींवरून २००७ मध्ये मृत्यूंचा हिशेब मांडला गेला. तीव्र सोरायसिस असलेले पुरुष सरासरी साडेतीन वर्षे आणि स्त्रिया ४.४ वर्षे आधी मृत्यू पावल्याचे दिसले. मृत्यूचा धोका सुमारे दीडपट होता. सौम्य सोरायसिस असलेल्यांत मात्र तो सर्वसामान्यांइतकाच निघाला. बहुसंख्य रुग्ण याच गटात मोडतात, त्यामुळे बातम्यांत अनेकदा गाळला जाणारा हा अर्धा भाग त्यांच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. दुसरी गोष्ट अशी, की या अभ्यासात ज्यांना गोळ्या, इंजेक्शने किंवा प्रकाशोपचार यांसारखे उपचार घ्यावे लागले त्यांना ‘तीव्र’ मानले होते आणि नोंदी १९८७ ते २००२ या काळातल्या होत्या. रासायनिक निरोप अडवणारी आजची जैविक औषधे तेव्हा जवळजवळ नव्हतीच.

वर्षे नेमकी कशाने कमी होतात, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. दीर्घकाळचा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो आणि चरबीचे थर साचायला मदत करतो. शिवाय सोरायसिसच्या रुग्णांत स्थूलपणा, मधुमेह, उच्च रक्तदाब आणि यकृतात चरबी साठणे हे सारे अधिक आढळते. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? जनुकीय माहितीवर आधारलेल्या अभ्यासांनी स्थूलपणाच्या बाबतीत थोडा उलगडा केला आहे: वाढलेले वजन सोरायसिसला कारणीभूत ठरते, उलट दिशेचा पुरावा तितका भक्कम नाही. मनाचाही वाटा आहे. ब्रिटनच्याच नोंदींत नैराश्याचे निदान या रुग्णांत ३९ टक्क्यांनी अधिक होते. चारचौघांत बाही दुमडायला संकोचणारा माणूस पोहायला जात नाही, व्यायामशाळेत जात नाही, कधी दारूकडे वळतो. त्याचा हिशेबही शेवटी हृदयच चुकते करते.

मग चट्टे घालवणारे औषध हृदयही वाचवील का? तर्क हो म्हणतो. हृदयविकाराच्या दहा हजारांवर रुग्णांच्या २०१७ मधील एका मोठ्या चाचणीत केवळ दाह कमी करणाऱ्या औषधाने पुढचे झटके घटल्याचे दिसले होते. पण ती चाचणी सोरायसिसची नव्हती. सोरायसिसच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारे अडॅलिमुमॅब देऊन महाधमनीतला दाह मोजला, तेव्हा त्वचा सुधारूनही तो दाह घटलेला दिसला नाही. दुसरीकडे, जैविक औषधे वर्षभर घेणाऱ्यांच्या हृदयधमन्यांतील मऊ थर कमी झाल्याचे अमेरिकेतील एका निरीक्षणात्मक अभ्यासाने २०१९ मध्ये नोंदवले. या दोन निष्कर्षांचा मेळ अजून बसलेला नाही, आणि जैविक औषध घेतले की हृदय सुरक्षित, असे म्हणणे आज घाईचे ठरेल.

क्वचित सोरायसिस थेटही जीवावर बेततो. जवळजवळ सर्वांगाची त्वचा लाल होऊन सोलू लागली, की शरीर उष्णता, पाणी आणि प्रथिने गमावते आणि हृदयावर ताण येतो. अंगभर पूसदृश फोड येणाऱ्या प्रकारात ताप चढतो, रक्तातले कॅल्शियम घसरते. या दोन्ही अवस्थांचे एक टाळता येण्यासारखे कारण म्हणजे पोटातून किंवा इंजेक्शनाने घेतलेले स्टेरॉइड अचानक बंद करणे. स्टेरॉइडने चट्टे चार दिवसांत दबतात, म्हणून ते गुणकारी वाटते; थांबवल्यावर आजार दुप्पट जोराने उसळतो. डॉक्टरच्या देखरेखीखाली लावायचे स्टेरॉइड मलम ही वेगळी बाब आहे, तो मान्य उपचार आहे. औषधाच्या दुकानातून गजकर्णावर म्हणून परस्पर आणलेले मिश्र मलम मात्र चट्ट्यांचे रूप बदलून निदान अवघड करते.

मेथोट्रेक्सेट हे जुने, स्वस्त आणि उपयुक्त औषध आठवड्यातून एकदाच, ठरावीक वारी घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतल्याने अस्थिमज्जा निकामी होऊन रुग्ण दगावल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. यकृतात आधीच चरबी असणाऱ्यांनी त्यासोबत दारू घेणे अधिकच धोक्याचे. जैविक औषधांची अडचण निराळी. भारतात अनेकांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात, आणि टीएनएफ अडवल्यावर ते जागे होऊ शकतात. म्हणून उपचाराआधी क्षयाची तपासणी करतात. बंगळुरूच्या बायोकॉनने तयार केलेल्या इटोलिझुमॅब या जैविक औषधाला २०१३ मध्ये भारतात सोरायसिससाठी मान्यता मिळाली, पण या गटातल्या औषधांचा खर्च आजही अनेक कुटुंबांच्या आवाक्याबाहेर आहे.

जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ च्या ठरावात सोरायसिसला दीर्घकालीन, वेदनादायक आणि अपंगत्व आणणारा असंसर्गजन्य रोग म्हणून मान्यता दिली. अमेरिकेच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पुढचे पाऊल टाकले: कोलेस्टेरॉलची औषधे द्यावीत की नाही अशा सीमारेषेवर असलेल्या व्यक्तीला सोरायसिस असेल, तर धोका वाढलेला धरावा. दक्षिण आशियाई वंश हाही त्याच यादीत धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदलेला आहे, त्यामुळे मराठी रुग्णाच्या बाबतीत दोन्ही गोष्टी एकत्र येतात. प्रत्यक्षात मात्र त्वचारोगतज्ज्ञ चट्टे पाहतो, रक्तदाब फॅमिली डॉक्टर पाहतो, आणि या दोघांच्या कागदांची गाठ सहसा पडत नाही. तीव्र सोरायसिसच्या रुग्णाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, वजन आणि कमरेचा घेर नियमित तपासायला आणि प्रत्येक भेटीत सकाळच्या सांधेदुखीविषयी विचारायला महागडे यंत्र लागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातही हे होऊ शकते.